पाच धावा आणि चारशे त्रेचाळीस धावा

सुटीच्या दिवशी सकाळी आमखास मैदानाच्या बाजूने जाऊन पाहा. एकाच मैदानावर चार-पाच सामने चालू असतात. एका सामन्याचा चेंडू दुसऱ्या सामन्यात जातो. कोणाचा क्षेत्ररक्षक कोठे उभा आहे, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. पण खेळणाऱ्या मुलांना ते बरोबर कळते. अशा मैदानावर बसले की गप्पा निघतात. कोणी विचारतो, "सर्वांत जास्त षटकार कोणाचे?" दुसरा विचारतो, "पहिले शतक कोणी केले?" मग वाद होतात आणि पैजा लागतात.

आज मी तुम्हांला असाच एक प्रश्न विचारतो. आपल्या शहरात जन्मलेला एक खेळाडू भारताकडून कसोटी सामना खेळला. त्या सामन्यात भारताच्या विजयाची शेवटची धाव त्यानेच काढली. तो कोण?

उत्तर आहे, इक्बाल सिद्दीकी. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९७४ रोजी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाला. ते मध्यमगती गोलंदाज होते. महाराष्ट्राच्या संघाकडून ते अनेक वर्षे रणजी करंडक स्पर्धेत खेळले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी तीनशेहून अधिक बळी घेतले. सपाट खेळपट्टीवर, उन्हात, वर्षानुवर्षे गोलंदाजी केल्याशिवाय तीनशे बळी मिळत नाहीत. हे काम फार कष्टाचे आहे आणि ते पाहायला मैदानावर गर्दीही नसते.

२००१ साली इंग्लंडचा संघ भारतात आला. पहिला कसोटी सामना ३ डिसेंबरपासून मोहालीला सुरू झाला. भारताने त्या सामन्यात तीन नव्या खेळाडूंना संधी दिली. एक इक्बाल सिद्दीकी. दुसरे संजय बांगर. बांगर यांचा जन्म बीडचा. म्हणजे मराठवाड्यात जन्मलेले दोन खेळाडू एकाच दिवशी कसोटीपटू झाले. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात आहे. तिसरे खेळाडू होते केरळचे टिनू योहानन. त्यांचे वडील टी. सी. योहानन यांनी १९७४ साली तेहरानच्या आशियाई स्पर्धेत ८.०७ मीटर लांब उडी मारून सुवर्णपदक मिळवले होते. वडिलांनी उडीसाठी धाव घेतली, मुलाने चेंडू टाकण्यासाठी!

आता थोडे गणित करू. वही घ्या. इंग्लंडने पहिल्या डावात २३८ धावा केल्या. भारताने ४६९ धावा केल्या. भारताची आघाडी झाली २३१ धावांची. इंग्लंडचा दुसरा डाव २३५ धावांत संपला. आता भारताला जिंकण्यासाठी किती धावा हव्या होत्या? फक्त पाच.

पाच धावांसाठी सलामीला कोण आले? एका बाजूला दीप दासगुप्ता होते. त्यांनी पहिल्या डावात शतक काढले होते. त्यांच्या जोडीला आले इक्बाल सिद्दीकी! ते काही सलामीचे फलंदाज नव्हते. पहिल्या डावात ते अखेरच्या फलंदाजांत खेळायला आले होते आणि त्यांनी २४ धावा केल्या होत्या. पण या वेळी त्यांना वर पाठवण्यात आले. धावफलकावर नोंद झाली: भारत बिनबाद ५, सिद्दीकी नाबाद ५, दासगुप्ता नाबाद ०. पाचही धावा सिद्दीकींच्या. त्यामुळे विजयाची धावही त्यांचीच, हे सांगायला कोणी पाहिलेला माणूस लागत नाही; धावफलकच ते सांगतो.

त्यानंतर सिद्दीकी भारताकडून पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. एक सामना, एक बळी, २९ धावा. त्यांची फलंदाजीची सरासरी किती? पुन्हा वही घ्या. २४ आणि ५ मिळून २९ धावा. ते बाद झाले एकदाच. म्हणून सरासरी २९. पुस्तकात हा आकडा एखाद्या चांगल्या फलंदाजाचा वाटतो. आकडा खोटा नाही. पण त्याच्या मागे केवळ एक सामना आहे, हे आकडा आपण होऊन सांगत नाही. ते आपल्याला शोधावे लागते.

येथे थोडे थांबू आणि शब्दांकडे पाहू. मराठीचा अभ्यास करताना तुम्हांला 'गोलंदाज' हा शब्द अवघड वाटण्याचे कारण नाही. उर्दूत तुम्ही 'तीरंदाज' म्हणता. तीर टाकणारा तो तीरंदाज, तसा गोळा टाकणारा तो गोलंदाज. पूर्वी तोफेचा गोळा डागणाऱ्या सैनिकाला गोलंदाज म्हणत. क्रिकेट आले आणि तोफ गेली, शब्द राहिला. 'फलंदाज' हा शब्द मराठीने त्याच धर्तीवर तयार केला. 'सलामी'मधला सलाम तर तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. आणि 'कसोटी' म्हणजे सोनार ज्या दगडावर सोने घासून पाहतो तो दगड. तुम्ही त्याला 'कसौटी' म्हणता. पाच दिवसांच्या सामन्याला इतके योग्य नाव दुसरे मिळाले नसते.

सिद्दीकींच्या पाच धावा पाहिल्या. आता दुसऱ्या टोकाला जाऊ.

डिसेंबर १९४८. पुणे. रणजी करंडक स्पर्धेत महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा सामना होता. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे. त्यांनी आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. शतक झाले, द्विशतक झाले, तीनशे झाल्या, चारशे झाल्या. तिसऱ्या दिवशी खेळ विश्रांतीसाठी थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते.

त्या वेळी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये सर्वांत मोठी खेळी ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांची होती. त्यांनी १९३० साली सिडनीला नाबाद ४५२ धावा केल्या होत्या. निंबाळकरांना बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या. ज्या वेगाने ते खेळत होते, त्या वेगाने दोन-तीन षटके पुरली असती.

परंतु काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकूरसाहेब. त्यांनी पुढे खेळायला नकार दिला. डाव घोषित करा, नाही तर आम्ही जातो, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्राने थोडाच वेळ मागितला. तोही त्यांनी दिला नाही. संघ सामना सोडून निघून गेला. सामना महाराष्ट्राला मिळाला. पण निंबाळकर ४४३ वरच राहिले.

ठाकूरसाहेबांना कशाची भीती वाटली असेल? आपल्या संघाविरुद्ध जगातला विक्रम झाला, अशी नोंद पुस्तकात कायमची राहील, हीच ना? गंमत पाहा. नोंद तर राहिलीच. आज काठियावाडच्या त्या संघाचे नाव घेतले जाते ते केवळ त्या नकारामुळे. विक्रम झाला असता तर लोकांनी त्यांना कदाचित इतके लक्षात ठेवलेही नसते.

आणखी एक योगायोग सांगतो. ब्रॅडमन यांचा तो विक्रम शेवटी कोणी मोडला? हनीफ मोहम्मद यांनी. १९५९ साली कराचीला ते ४९९ धावांवर, पाचशेवी धाव घेताना धावबाद झाले. हनीफ यांचा जन्म जुनागढचा, आणि जुनागढ काठियावाडातच आहे! पुढे १९९४ साली वेस्ट इंडीजच्या ब्रायन लारा यांनी इंग्लंडमध्ये नाबाद ५०१ धावा केल्या. तरीही भारतीय खेळाडूची प्रथम श्रेणीतली सर्वांत मोठी खेळी आजही निंबाळकरांचीच आहे.

आता पुन्हा एक प्रश्न. ४४३ धावा करणारे निंबाळकर किती कसोटी सामने खेळले? एकही नाही. ज्यांनी एकूण २९ धावा केल्या ते कसोटीपटू, आणि ज्यांनी एका डावात ४४३ केल्या ते कसोटीपटू नाहीत. यात सिद्दीकींचा काही दोष नाही. संघ निवडताना त्या त्या वेळी काय घडले, कोण कोणाच्या आधी आले, याच्या अनेक गोष्टी असतात. निंबाळकर नंतर होळकर संघाकडून आणि रेल्वेकडूनही खेळले. २०१२ च्या डिसेंबरात, आपल्या ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते वारले.

मोठ्या खेळीचा विषय निघाला आहे तर विजय हजारे यांना विसरून चालणार नाही. ते सांगलीचे. त्यांचा धर्म ख्रिस्ती. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'शेष' असे पाच संघ असत. ख्रिस्ती, ज्यू वगैरे खेळाडू 'शेष' संघातून खेळत. धर्मावर संघ पाडण्याची ही पद्धत अनेकांना तेव्हाही आवडत नव्हती आणि १९४६ नंतर ती बंद झाली. ते बरेच झाले. पण त्या सामन्यांतला खेळ मात्र पहिल्या दर्जाचा असे.

१९४३ च्या स्पर्धेत हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा केल्या. तो स्पर्धेतला विक्रम ठरला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो मोडला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. शेष संघ १३३ धावांत संपला आणि त्याच्यावर फॉलोऑनची पाळी आली. दुसऱ्या डावात एकामागून एक गडी जाऊ लागले. तेव्हा हजारे यांच्या जोडीला त्यांचे धाकटे भाऊ विवेक आले. दोघा भावांनी ३०० धावांची भागी केली. त्या ३०० धावांत विवेकच्या धावा होत्या २१! धाकट्याने एक बाजू धरून ठेवली आणि थोरला खेळत राहिला. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. तरी शेष संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. मला विचाराल तर या साऱ्या आकड्यांत मला सर्वांत आवडतो तो विवेकचा २१ हा आकडा.

खेळून पोट भरते का, हा प्रश्न तुमच्या घरी केव्हा तरी कोणी विचारलाच असेल. खेळावर उपजीविका करणाऱ्याला 'व्यावसायिक' खेळाडू म्हणतात आणि आवडीसाठी खेळणाऱ्याला 'हौशी'. आज व्यावसायिक खेळाडूला मान आहे. पूर्वी तसे नव्हते. इंग्लंडमध्ये हौशी खेळाडू म्हणजे श्रीमंत घरचे 'सभ्य गृहस्थ', आणि पैसे घेणारे ते नुसते 'खेळाडू'. अनेक मैदानांवर दोघांचे कपडे बदलण्याचे कक्ष आणि मैदानात उतरण्याची फाटके वेगळी असत. धावपत्रिकेत हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापत आणि व्यावसायिकाची नंतर. एकदा लॉर्ड्स मैदानावर फ्रेड टिटमस यांच्या नावाची अक्षरे चुकून आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून ती चूक दुरुस्त करण्यात आली! हा भेद १९६२ साली रद्द झाला.

आपल्याकडे तर याहून कठीण भेद होता. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा. पुण्याला एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे काम ते करीत. पगार महिना तीन रुपये. पुढे पूना क्लबात गेले, तेथे चार रुपये मिळू लागले. तेथे येणारे इंग्रज साहेब फलंदाजीचा सराव करीत आणि बाळू त्यांना डाव्या हाताने फिरकी चेंडू टाकत. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. बाळूने त्यांना बाद केले की ते दर वेळी आठ आणे देत, असे सांगतात. आठ आणे म्हणजे बाळूंच्या चार दिवसांच्या पगाराएवढे. पण तेथे बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि चेंडू टाकायचे काम नोकराचे, असा तो हिशेब होता.

बाळू चांभार समाजातले होते. त्या समाजाला तेव्हा अस्पृश्य मानत. हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले, कारण त्यांच्यासारखा गोलंदाज दुसरा नव्हता. बाळूंनी टाकलेला चेंडू सर्व जण हातात घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जो चेंडू विटाळत नाही, त्याचा कप कसा विटाळतो, हे कोणी कोणाला विचारले की नाही कोण जाणे.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुस्लिम आणि कर्णधार पतियाळाचे शीख महाराजा होते. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे करूनही ते हिंदू संघाचे कर्णधार झाले नाहीत. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल मात्र १९२३ साली कर्णधार झाले. बाळूंविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी मोठा अभिमान होता. पुढे १९३७ च्या मुंबईतील निवडणुकीत हेच दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि बाळू हरले. आयुष्यात असेही सामने होतात.

व्यावसायिक खेळाडूची दुसरी एक गोष्ट १९५२ सालची आहे. विनू मंकड इंग्लंडमध्ये हॅसलिंग्डन क्लबाकडून पगारावर खेळत. त्या वर्षी भारताचा संघ इंग्लंडला जाणार होता. मंकड यांनी निवड समितीला विचारले, "माझी जागा नक्की आहे का?" समितीने हमी दिली नाही. घर चालवायचे होते, म्हणून मंकड यांनी क्लबाचा करार घेतला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला भारताची अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली. आता सर्वांना मंकड आठवले! क्लबाला विनंती करून त्यांना लॉर्ड्सच्या कसोटीसाठी बोलावण्यात आले. त्यांनी पहिल्या डावात ७२ आणि दुसऱ्या डावात १८४ धावा केल्या. मधल्या वेळात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. भारत आठ गड्यांनी हरला. पण आजही त्या सामन्याला लोक 'मंकडची कसोटी' म्हणतात.

शेवटची गोष्ट आहे दोन मित्रांची. इंदूर हे होळकरांचे संस्थान. तेथले सय्यद मुश्ताक अली १९३४ साली कसोटी संघात आले ते डावखुरे गोलंदाज म्हणून. दोन वर्षांनी, १९३६ च्या जुलैत, मँचेस्टरला ते विजय मर्चंट यांच्याबरोबर सलामीला आले. भारत पहिल्या डावात खूप मागे पडला होता. संघाचे कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार यांचे मर्चंट यांच्याशी पटत नव्हते. मुश्ताक अली यांनी पुढे सांगितले आहे की, मर्चंटला धावबाद कर, असे कर्णधारांनी त्यांना सुचवले होते.

मुश्ताक अली यांनी काय केले? खेळपट्टीवर जाता जाता ही गोष्ट त्यांनी मर्चंट यांनाच सांगून टाकली. दोघे हसले आणि खेळायला लागले. मुंबईच्या स्पर्धेत हे दोघे एकमेकांविरुद्ध खेळत. एक मुस्लिम संघाकडून, दुसरा हिंदू संघाकडून. मँचेस्टरला मात्र दोघे एकाच टोकाची धाव दुसऱ्या टोकाला पोचवत होते. मुश्ताक अली नव्वदीत असताना घाई करू लागले, तेव्हा इंग्लंडचे हॅमंड जवळ आले आणि त्यांनी सबुरीने खेळून आधी शतक पुरे करायला सांगितले. प्रतिपक्षाच्या खेळाडूने असे सांगावे, हेही नवल. मुश्ताक अली यांनी शतक केले. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. त्या दिवशी आधी इंग्लंडने आणि नंतर भारताने मिळून ५८८ धावा केल्या. कसोटीच्या एका दिवसात इतक्या धावा पुन्हा कधीही झालेल्या नाहीत. संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा धावफलकावर भारताच्या १९० धावा होत्या आणि बाद झालेल्या गड्यांच्या रकान्यात शून्य होते.

स्वाध्याय

१. इक्बाल सिद्दीकी यांनीच विजयाची धाव काढली, हे धावफलकावरून कसे कळते?

२. हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा केल्या. हे प्रमाण शेकडा किती होते?

३. 'जो चेंडू विटाळत नाही, त्याचा कप कसा विटाळतो' असे लेखकाने का म्हटले आहे?

४. काठियावाडच्या कर्णधाराच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? दहा ओळी लिहा.

५. 'अंदाज' हा शब्द शेवटी असलेले आणखी दोन शब्द उर्दूतून शोधा व त्यांचे अर्थ मराठीत लिहा.

६. तुमच्या मोहल्ल्यातील एखाद्या जुन्या खेळाडूला भेटा. त्यांच्या खेळाची एक आठवण ऐका आणि मराठीत लिहून काढा. तारीख व ठिकाण विचारायला विसरू नका.